शकुंतलाबाईंचा खर्ज

तिसरं भजन ऐन रंगात आलं होतं, तेव्हा पट्टा सुटला.

शकुंतलाबाईंना खांद्यावरचा भार एकाएकी नाहीसा झाल्यासारखं वाटलं. तो का नाहीसा झाला हे कळायच्या आतच गळ्यातली बेस गिटार पायांशी आदळली. तिची वायर स्पीकरला जोडलेली होती. त्या स्पीकरमधून असा काही आवाज निघाला, की मंदिराच्या पत्र्यावरची कबुतरं फडफडत उडाली आणि पेटी वाजवणाऱ्या गोपिकाचे हात हवेतच राहिले. ढोलकी वाजवणाऱ्या सुरभीनं आधी ढोलकी बाजूला फेकली आणि चटईवर झोपलेल्या आपल्या तान्ह्या मुलीला उचललं. गिटारचं लांब टोक त्या पोरीच्या उशीपासून वीतभर अंतरावर पडलं होतं.

पोरगी रडली, म्हणजे तिला काही झालं नव्हतं. बायकांनी श्वास सोडला.

मंडळाच्या प्रमुख कांताबाईंचं वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेत किराणा दुकान होतं. त्या आवाज चढवून बोलत नसत. त्या उठल्या, गिटारपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"आज देवानं वाचवलं, शकुंतलाबाई. दुसऱ्या खेपेले वाचवन का, ते मी नाई सांगू शकत."

"पट्ट्याचं भोक सैल झालं," शकुंतलाबाई म्हणाल्या. "मी दोरीनं बांधून घेईन."

"दोरी सुटन. तुमी खुर्चीवर बसून वाजवा."

"देवापुढं खुर्ची मांडून बसू? तुमी समद्या खाली, अन् मी खुर्चीवर?"

कांताबाईंनी सुटलेला पट्टा उचलून पाहिला. मग म्हणाल्या, "मंग पक्कं काईतरी करून आणा. नाई तं ते घरीच ठेवा."

कांताबाईंचं चुकलंही नव्हतं.

शकुंतलाबाई आणि त्यांचे यजमान बंडूजी गावाबाहेरच्या वावरात भाजीपाला काढत. वांगी, भेदरं म्हणजे टमाटे, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर. लग्न झाल्यापासून शकुंतलाबाईंनी उकिडवं बसून रोपं लावली, निंदण केलं, जुड्या बांधल्या. पन्नाशी ओलांडली तसे गुडघे बोलू लागले. मांडी घालून बसलं, तर उठताना दोघींनी धरावं लागायचं. डॉक्टरांनी खाली बसायचंच नाही म्हणून सांगितलं. भजन मंडळात सगळ्या खालीच बसतात. म्हणून शकुंतलाबाईंनी मंडळात जाणं हळूहळू सोडलं. गुरुवारी संध्याकाळी दत्ताच्या मंदिरातून टाळांचा आवाज आला, की त्या स्वयंपाकघरातली खिडकी लावून घेत.

त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत कॉलेजची मुलं भाड्यानं राहायची. त्यांतला नीरज यवतमाळकडचा, इंजिनिअरिंगला होता. कॉलेजच्या बँडमध्ये तो बेस वाजवायचा. शेवटची परीक्षा झाली त्याच आठवड्यात त्याला हैदराबादला नोकरीवर बोलावलं. जाताना बॅगा दोन, हात दोन. गिटार आणि छोटा काळा स्पीकर त्यानं शकुंतलाबाईंच्या कपाटावर ठेवला आणि म्हणाला, "काकू, नंतर नेतो." मग वर्षं गेली. तो आला नाही.

शकुंतलाबाई दिवाळीला घर झाडत, तेव्हा गिटार खाली काढून पुसत. एकदा असं पुसताना फडकं सगळ्यात जाड तारेत अडकलं आणि सुटलं. गिटार त्यांनी पोटाशी धरली होती. तो आवाज कानाला कळायच्या आधी पोटाला कळला. शकुंतलाबाई तशाच दिवाणावर बसल्या. त्यांनी बोटानं ती तार पुन्हा छेडली. लाकडातून, बरगड्यांतून, पाठीच्या मणक्यांतून काहीतरी सरकत गेलं आणि कुठं संपलं ते समजलंच नाही. त्यांनी इतक्या वर्षांत पेटी ऐकली होती, बँडबाजा ऐकला होता, डीजेसुद्धा ऐकला होता. पण आवाज असा माणसाच्या आत शिरून बसतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्या दिवशी अर्धं कपाट पुसायचं राहून गेलं.

संध्याकाळी त्यांनी गोपिकाच्या भाच्याला बोलावून वायर स्पीकरला जोडून घेतली. तार छेडली तशी मांडणीवरची ताटं थरथरली. बंडूजी न्हाणीघरातून ओल्या हातांनी बाहेर आले.

"दारात ट्रॅक्टर आला का व?"

"नाई. मी आहे," शकुंतलाबाई म्हणाल्या.

बंडूजींनी त्यांच्याकडे पाहिलं, गिटारकडे पाहिलं, आणि हात न पुसताच दाराशी उभे राहिले. "वाजव बरं अजून एकडाव," ते म्हणाले.

गोपिका शेजारीच राहायची. तिनं आपल्या पेटीचा सा धरला, शकुंतलाबाई तारेवर बोट सरकवत गेल्या आणि जिथं दोन्ही आवाज एकमेकांत मिसळले, तिथं गोपिकानं नेलपेंटचा लाल ठिपका दिला. तसाच पंचमाला दिला, मग मध्यमाला. त्या तीन ठिपक्यांवर शकुंतलाबाई अख्खी भजनं वाजवू लागल्या. आणि मुख्य म्हणजे हे वाद्य उभं राहून वाजवता येत होतं. खांबाजवळ, सगळ्यांच्या मागे, कोणाच्या नजरेत न येता. पहिल्या गुरुवारी त्यांनी मंदिरात ती तार छेडली, तेव्हा पुढे बसलेल्या बायकांनी एकदम पाठ सरळ केली. मागे वळून कोणी पाहिलं नाही. पण त्या दिवसापासून मंडळाचं भजन जड पावलांनी, ठाम चालायला लागलं, आणि बाहेरून जाणारी माणसंही चप्पल काढून आत येऊन बसू लागली.

ते सगळं आता एका सैल झालेल्या भोकावर येऊन अडलं होतं.

सोमवारी वर्ध्याच्या बाजारात वांग्यांची पोती उतरवली आणि दोघं तिथूनच वाद्यांच्या दुकानात गेले. बंडूजी मोटारसायकल चालवत होते आणि मागे शकुंतलाबाई चादरीत गुंडाळलेली गिटार आडवी धरून बसल्या होत्या.

दुकानदार रजत तिशीतला होता. त्यानं चादर सोडली, गिटार उलटीपालटी करून पाहिली.

"कोणाची आहे, काकू? नातवाची?"

"मीच वाजवतो," शकुंतलाबाई म्हणाल्या.

रजतनं मान वर केली, पण हसला नाही. "पडली दिसते. आधी आवाज पाहू, मंग पट्टा."

त्यानं वायर जोडली. बंडूजींनी पट्टा खुंटीवर दाबून धरला आणि शकुंतलाबाईंनी नेहमीच्या ठिपक्यावर बोट ठेवून तार छेडली. सा निघाला. काचेच्या कपाटातल्या बासऱ्या एकमेकींना लागून किणकिणल्या. कोपऱ्यात एक माणूस तबल्याच्या गठ्ठ्यांवर हातोडी मारत बसला होता, त्याची हातोडी थांबली. शकुंतलाबाई सा वरून खालच्या पंचमावर गेल्या, तिथं थांबल्या, परत सा वर आल्या. एवढंच. रजतनं उठून पंखा बंद केला.

त्या थांबल्या तरी थोडा वेळ कोणी पंखा लावला नाही.

"लाकडाले काई नाई झालं," मग रजत म्हणाला. "आता पट्ट्याचं पाहू. हे पाहा, गिटारले दोन खुंट्या असतात. पट्ट्याची भोकं त्यांच्यावर नुसती अडकवली असतात. भोक सैल झालं का निसटते. त्याच्यासाठी लॉक येते."

त्यानं काउंटरवर तीन प्रकार मांडले. पहिली नुसती रबराची चकती होती. पट्टा खुंटीवर अडकवायचा आणि वरून चकती दाबून बसवायची. शकुंतलाबाईंनी पट्टा हातात घेतला आणि बैलाची वेसण ओढावी तसा तिरका ओढला. चकती टपकन उडून बंडूजींच्या पायाशी पडली.

"हे नाई," त्या म्हणाल्या.

दुसरं प्लास्टिकचं होतं. जुन्या खुंटीवरच फिरवून बसायचं, काही खोलायचं नाही, काही ठोकायचं नाही. ते ओढूनही सुटलं नाही. बंडूजींना ते पसंत पडलं. शकुंतलाबाईंनी ते दोनदा लावलं, दोनदा काढलं, नखानं कडा दाबून पाहिली.

"उन्हात राहून प्लास्टिक तडकते," त्या म्हणाल्या. "पाण्याच्या टाकीचं झाकण नाई तडकलं आपलं?"

तिसरं पोलादी होतं. रजतनं ते शेवटी ठेवलं होतं. "याच्यात जुन्या खुंट्या काढून ह्या नव्या लाकडात बसवा लागतात. पट्ट्याच्या टोकाले ही वाटी नटानं आवळायची. वाटी खुंटीवर बसवायची, ही दांडी ओढायची अन् सोडायची. आत शिरली का झालं."

दुकानातल्या एका नव्या गिटारला ते लावलेलं होतं. शकुंतलाबाईंनी ओढून पाहिलं. मग बंडूजींनी ओढून पाहिलं. रजतनं पट्टा धरून अख्खी गिटार उचलली आणि झोका दिला.

"अन् दांडीच निसटली तं?" शकुंतलाबाईंनी विचारलं.

"म्हणून वाटीचं उघडं तोंड खालच्या अंगाले नाई ठेवायचं, असं वरच्या अंगाले ठेवायचं," रजतनं वाटी फिरवून दाखवली. "मंग भार वाटीवर येते, दांडीवर नाई. दांडी निसटली तरी गिटार लटकून राह्यते. नट मात्र मधून मधून आवळत राहा लागते."

शकुंतलाबाई त्या अंगठ्याएवढ्या पोलादी तुकड्याकडे पाहत राहिल्या. एवढासा तुकडा, आणि कोणीतरी कुठंतरी बसून त्याच्यासाठी इतका विचार केला होता. आधी सुटू नये म्हणून, आणि सुटलंच तरी पडू नये म्हणून.

"हेच लावा," त्या म्हणाल्या.

रजतनं पेचकस घेतला. जुनी खुंटी पाहून तो म्हणाला, "हे भोक थोडं मोठं करा लागन. अन् दुसरं आतून झिजलं आहे, त्यात लाकडाची काडी अन् गोंद भरून नवं पाडतो."

"थांबा," शकुंतलाबाई म्हणाल्या.

"काय झालं?"

"लाकडाले भोक पाडा लागते म्हणता. वस्तू माही नाई."

बंडूजींना पुढचं लगेच समजलं. "अवं, तो पोट्टा इतक्या वर्षांत एकडाव आला नाई. त्याच्या ध्यानातबी नसन. आता कायले इचारतं?"

"ध्यानात नसन तं नाई म्हणन का? इचारून घेतो."

"इचारलं अन् तो म्हणला, मले पाहिजे, तं?"

शकुंतलाबाईंनी त्याचा विचार केलाच नव्हता असं नाही. त्यांनी गिटारच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "लावा फोन."

नीरजनं आधी आवाज ओळखला नाही. मग ओळखला, तसा तो बराच वेळ नुसता "काकू, काकू" करत राहिला. बंडूजींनी फोनचा आवाज मोठा केला होता.

"काकू, ती गिटार आहे अजून? मला वाटलं तुम्ही भंगारात दिली असन."

"भंगारात कशी देईन? पुसून ठेवतो ना मी. अन् नीरज, एक सांगायचं राह्यलं. मी वाजवून राह्यली ते. न इचारता."

"तुम्ही? बेस?"

"भजनात."

"वाजवा ना, काकू. फोन धरा जवळ."

रजतनं फोन स्पीकरपाशी धरला. शकुंतलाबाईंनी सा लावला, पुरता घुमू दिला, पंचमावर उतरल्या. बासऱ्या पुन्हा किणकिणल्या. बंडूजींनी डोळे मिटले होते.

"येऊन राह्यला का आवाज?"

"नाही, काकू," नीरज म्हणाला. "नुसतं बोटाचं टकटक येतं."

"इतका खालचा सूर फोनमधून जात नाई," रजत हळूच म्हणाला. "त्यासाठी समोरच असा लागते."

नीरज मग म्हणाला, "काकू, मी रविवारी येऊ का? घेऊन जायला?"

रजत पेचकसाकडे पाहू लागला. बंडूजी पायाशी पडलेली रबराची चकती उचलून उगीच फिरवत होते.

"ये ना बापा," शकुंतलाबाई म्हणाल्या. "तुहीच आहे. जेवाले येजो. पण सांग, भोक पाडू का त्याले? पट्टा पक्का करायचा आहे."

"पाडा, काकू. तुम्हाला वाटन ते करा."

फोन बंद झाला. रजतनं विचारलं, "मग राहू देऊ का, काकू?"

"आता कायले लावतं?" बंडूजी म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "नेऊनच राह्यला तो."

"लावा," शकुंतलाबाई रजतला म्हणाल्या. "पोलादीच लावा. माह्या हातून एकदा पडली ते. आता कोणाच्याच खांद्यावरून नाई पडली पाहिजे."

रजतनं भोकात काडी आणि गोंद भरला, सुकू दिला, मग हळूहळू नवं भोक पाडलं. तोवर दोघं नवरा-बायको स्टुलांवर बसून होते. बाजारातून येणारा गलका, तबलेवाल्याची हातोडी, आणि लाकडातून निघणारी पिवळसर भुकटी. शकुंतलाबाईंनी ती भुकटी काउंटरवरून बोटानं गोळा केली, पण तिचं काय करावं ते न कळून तशीच सोडली.

गुरुवारी मंदिरात कांताबाईंनी स्वतः पट्टा ओढून पाहिला. आधी एका हातानं, मग पाय रोवून दोन्ही हातांनी. मग त्यांनी वाटी, दांडी, नट सगळं वाकून पाहिलं आणि मान हलवून आपल्या जागेवर जाऊन बसल्या. तरी पहिल्या भजनात त्यांचे डोळे सारखे मागे वळत होते. दुसऱ्या भजनात वळले नाहीत.

त्या दिवशी शकुंतलाबाईंच्या खांद्यावर गिटार वेगळीच बसली. आजवर त्यांचा एक हात अर्धा तिला सांभाळण्यातच असायचा. आता दोन्ही हात सुरालाच होते. त्यांनी सा लावला आणि तो आधी कधी लागला नव्हता असा लागला. मंदिराच्या फरशीतून तो बायकांच्या बसकरांखाली गेला. समईतल्या तेलावर बारीक लाट उठली आणि उठतच राहिली. सुरभीनं पोरीला मुद्दाम दूर, पलीकडच्या भिंतीशी ठेवलं होतं. ती पोर रांगत रांगत स्पीकरपाशी आली, त्यावर दोन्ही पंजे टेकवले आणि तोंड उघडं टाकून तशीच थांबली. तिला तिथून उचलावं असं कोणाला वाटलं नाही. भजन संपलं, तरी गोपिका पेटीचा भाता मारायची थांबली नाही, कारण मागे तो सूर अजून चालूच होता. शकुंतलाबाईंना तो सोडवत नव्हता. शेवटी तो आपल्या आपणच विरला, आणि मग बऱ्याच वेळानं कोणीतरी टाळ खाली ठेवल्याचा आवाज आला.

प्रसाद वाटताना शकुंतलाबाईंनी रविवारचं सांगितलं. कांताबाईंनी खोबऱ्याचा तुकडा हातातच धरून विचारलं, "तुमी फोन काऊन केला?"

"इचाराले."

"व्हय," कांताबाई म्हणाल्या, आणि त्यांनी खोबऱ्याचा तुकडा शकुंतलाबाईंच्या हातावर ठेवला.

नीरज रविवारी सकाळच्या गाडीनं आला. शकुंतलाबाईंना आठवत होता तो हाडकुळा, सारखा बोलणारा मुलगा. दारात उभा होता तो भरलेल्या अंगाचा, दाढी वाढलेला, हळू बोलणारा माणूस. जेवताना बंडूजींनी नोकरीचं विचारलं, तेव्हा तो म्हणाला की कंपनी बंद पडून बरेच महिने झाले. बायको शाळेत शिकवते, तिच्यावर घर चालतं. "सकाळी ती जाते, मी जिन्यात पेपर घेऊन बसून राहतो. दुपारी ती येते तेव्हा पेपरचं तेच पान उघडं असतं. तुमचा फोन आला ना काकू, तेव्हापण तिथंच बसलो होतो."

शकुंतलाबाईंनी त्याच्या ताटात आणखी वांग्याची भाजी वाढली.

जेवण झाल्यावर त्यांनी गिटार आणून दिली. त्याला ते नेलपेंटचे ठिपके दिसले, त्यावरून त्यानं अंगठा फिरवला. मग तो पट्ट्याशी झटापट करू लागला.

"तसं नाई निघत," शकुंतलाबाई म्हणाल्या. "ही दांडी ओढ. अन् घालतानी वाटीचं तोंड पाहून घाल. लावलं का ओढून पाह्यजो. दर खेपेस. नट ढिला होते, तो आवळत जाजो."

त्यानं लावली, ओढून पाहिली, खांद्यावर घेतली. वाजवू लागला, पण बोटं विसरली होती. एक लकेर अर्ध्यात तुटली, दुसरी सुरूच झाली नाही. त्यानं गिटार उतरवून शकुंतलाबाईंपुढे धरली.

"तुम्ही वाजवा. त्या दिवशी ऐकायचं राहिलं माझं."

शकुंतलाबाईंनी पदर खांद्यावरून सारखा केला, पट्टा चढवला. नीरज दिवाणावर बसला. त्यांनी सा लावला. मांडणीवरची ताटं थरथरली, खिडकीची काच बोलली. नीरजनं हात दिवाणाच्या लाकडी कडेवर ठेवला होता, तो तिथंच घट्ट झाला. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते शकुंतलाबाईंनी ओळखलं. कपाट पुसताना त्या स्वतः याच दिवाणावर तशा बसल्या होत्या. पंचम, मग मध्यम, मग परत घरी यावं तसा सा.

"दोन वर्षं मी इथं, त्या मागच्या खोलीत वाजवलं," नीरज म्हणाला. "असा आवाज कधी नाही निघाला माझ्याच्यानं. तुम्ही एकच सूर किती वेळ धरता, काकू."

"दुसरे मले येतच नाई," शकुंतलाबाई म्हणाल्या.

तो हसला. घरात आल्यापासून पहिल्यांदा. मग उठून उभा राहिला. "काकू, ही इथंच राहू द्या. मला नाही न्यायची."

बंडूजी दारातून आत आले. शकुंतलाबाईंनी पट्टा खांद्यावरून काढला. मघाशी त्यानं गिटार चढवली होती, तेव्हा त्याची वाकलेली पाठ कशी सरळ झाली होती ते त्यांनी पाहिलं होतं. त्याच्या बोटांना काही येत नव्हतं, तरी पाठ सरळ झाली होती.

"नाई," त्या म्हणाल्या. "तू न्याले आला, तं घेऊन जा. जिन्यात बसू नको, आत बसून वाजव. ठिपके पुसू नको फक्त. सा सापडला का बाकी सापडते."

"पण तुमचं भजन..."

"माहं भजन माह्यापाशी आहे."

वर्ध्याच्या बसस्थानकावर त्याला सोडायला दोघं गेले. हिंगणघाटपर्यंत एसटी, तिथून महामार्गावर हैदराबादची बस मिळणार होती. गिटारला पिशवी नव्हती, कधीची उंदरांनी खाल्ली होती. नीरजनं ती तशीच पाठीवर लटकवली, एका हातात स्पीकर, दुसऱ्यात शकुंतलाबाईंनी दिलेली सांबार-वांग्यांची थैली. बस भरलेली होती. तो दाराजवळच्या गर्दीत उभा राहिला. सामान खाली ठेवून त्यानं वरचा दांडा दोन्ही हातांनी धरला. बस सुटताना जोराचा हिसका बसला, माणसं एकमेकांवर कलली. गिटार त्याच्या पाठीवर हेलकावली आणि तशीच स्थिर झाली. त्याला हात लावावा लागला नाही. त्यानं खिडकीतून वाकून काहीतरी म्हटलं, ते इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही.

बस वळेपर्यंत शकुंतलाबाई उभ्या होत्या. बंडूजी म्हणाले, "चाल. पालकाले पाणी द्याचं आहे."

पुढच्या गुरुवारी त्या मंदिरात जाणार नाहीत असं बंडूजींना वाटलं होतं. संध्याकाळी त्या धुतलेलं लुगडं नेसून निघाल्या, तेव्हा त्यांनी फाटक उघडून धरलं.

मंडळ जमलं होतं. शकुंतलाबाई खांबाजवळ आपल्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. कांताबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि भजन सुरू केलं. पेटी, ढोलकी, टाळ सगळं होतं, पण भजन जमिनीला न टेकता वरच्या वर चाललं होतं. सगळ्यांनाच ते कळत होतं.

दुसऱ्या कडव्यावर शकुंतलाबाईंच्या मिटल्या ओठांआड, गळ्याच्या अगदी तळाशी, काहीतरी लागलं. त्यांनी ते मुद्दाम लावलं नव्हतं. ते छातीतून आलं आणि फासळ्यांत भरून राहिलं. आवाज मोठा नव्हता. पुढे बसलेल्या गोपिकानं पेटीवरची बोटं हलकी केली. सुरभीनं मान जराशी कलती केली आणि ढोलकीची थाप त्या सुरावर आणून ठेवली. मग एकेक करत बायकांच्या पाठी सरळ होत गेल्या.

शकुंतलाबाईंना स्वतःचाच आवाज अनोळखी वाटत होता. इतकी वर्षं तो आतच होता आणि त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. खांद्यावर काही नव्हतं. दोन्ही हात मोकळे होते. त्यांचं काय करावं ते त्यांना क्षणभर सुचेना. मग त्यांनी ते जोडले.